अंगारा औषधात मोडत नाही

दर गुरुवारी संध्याकाळी दिंडोशीतल्या आमच्या वसाहतीच्या सभागृहात जो दरबार भरत असे, त्यातले निम्मे भक्त चतुष्पाद होते. दाराशी चपलांचा ढीग. आत तेरा कुत्री, चार मांजरे आणि त्यांचे पालक. चौरंगावर दत्ताची तसबीर, तसबिरीतल्या चार श्वानांना वेगळा हार, आणि शेजारी देवदत्तनाथ महाराज.

महाराजांचा सिद्धान्त साधा होता. दत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान आहेत. मुंबईतले प्रत्येक कुत्रे त्यांपैकी कोणाचे तरी वंशज आहे. आणि ही वंशावळ महाराजांना ध्यानात दिसते. मांजरे या वंशात कशी आली, हे कोणी विचारले नाही. ती येत होती, एवढे महाराजांना पुरेसे होते.

"श्वानाचा प्राणमय कोश माणसापेक्षा सातपट संवेदनशील," महाराज सांगत. "अंगारा जिभेला लागला, की क्वांटम स्पंदनं थेट पेशीत उतरतात!"

"सातपट हे कशाने मोजलंत?" मी एकदा विचारले.

"अनुभूतीने."

औषधे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षे काढली, पण हे मोजमाप तिथे कधी वापरात नव्हते.

त्या गुरुवारी मात्र सगळ्या माना एकाच कुत्र्याकडे वळल्या होत्या. माझ्या शेजारीण मालनताई परब यांनी आपल्या लाडूची हनुवटी वर उचलून धरली. लाडू हा नऊ वर्षांचा, तांबूस, पोटाने सुखवस्तू कुत्रा. आठवड्यापूर्वी त्याच्या जबड्याखाली लिंबाएवढ्या दोन गाठी होत्या. आता तिथे काही नव्हते.

"चार पुडये, चार दिवस," मालनताईंनी लाडूची मान सगळ्यांकडे फिरवली. "गेल्यो गाठी!"

वसाहतीचे सचिव नंदकिशोर यांनी डोळे पुसले. "डॉक्टरांनी हात टेकले होते हो!"

डॉक्टरांनी हात टेकलेले नव्हते. त्यांनी उपचारांना अजून हात लावायचा होता.

लाडूला लसिकाग्रंथींचा कर्करोग असल्याचे निदान डॉ. शर्मिष्ठा यांनी सुईने पेशी काढून केले होते. त्यांच्या पशुरुग्णालयात याच रोगावरच्या एका नव्या औषधाची चाचणी सुरू होती. निम्म्या कुत्र्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना नेहमीचे उपचार आणि सोबत नवे औषध. कोणाच्या वाट्याला काय आले, हे पालकांनाही कळणार नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही. मालनताईंच्या मुलीने, जान्हवीने, अकरा पानांचे संमतिपत्र दोनदा वाचून शेवटची उरलेली जागा लाडूसाठी मिळवली होती. अट एक होती: आधी स्टेरॉइड दिलेले नसावे. 'सध्या चालू असलेली औषधे' या रकान्यात जान्हवीने आईला विचारून 'नाही' असे लिहिले होते.

सोमवारी लाडूला दाखल करून घ्यायचे होते. त्याला गाडीत धरायला दोन माणसे लागत, म्हणून मीही गेलो. डॉक्टरांनी गाठी मोजायचे मापक जबड्याखाली धरले, काढले, पुन्हा धरले. मालनताई विजयी मुद्रेने पाहत होत्या. डॉक्टर आनंदल्या नाहीत.

"ताई, याला स्टेरॉइड दिलंय का कोणी?"

"छे! काय्येक नाय."

"पाणी किती पितो?"

"बादली रिकामी करतो," जान्हवी म्हणाली. "परवा लिफ्टमध्येच केलंन ना! आणि पोळ्यांचा अख्खा डबा पळवलान. आमच्या वसाहतीत एक महाराज आहेत, ते म्हणाले, विष बाहेर पडतंय."

"महाराज काय देतात?"

"अंगारा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "हे फॉर्ममध्ये का नाही लिहिलंत?"

मालनताईंना खरोखरच नवल वाटले. "अंगारो काय औषध हा? देवाचो प्रसाद औषधात कसो लिवायचो?"

त्या उत्तरात तसूभरही खोटेपणा नव्हता, आणि महाराजांचा सारा व्यवसाय नेमका त्याच प्रामाणिकपणावर उभा होता. औषध म्हटले की माणूस विचारतो: काय आहे, किती द्यायचे, कोणी तपासले? अंगारा म्हटले की तो हात पुढे करतो.

गुरुवारी नव्याने मिळालेल्या पुड्यांपैकी एक मी मागून घेतली. दुसरी पुडी मालनताईंच्या देवघरातल्या उदबत्तीच्या राखेची बांधली. दोन्हींना सारखा कागद; देवघरातल्या राखेवर एक, महाराजांच्या अंगाऱ्यावर दोन. प्रयोगशाळेतल्या माझ्या जुन्या सहकाऱ्याकडे, रतनकडे, त्या दिल्या आणि कोणती कुठली हे सांगितले नाही. तपासणाऱ्यालाही आवडीनिवडी असतात.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "एक नंबरमध्ये निव्वळ राख आहे. दोनमध्ये राख आणि प्रेडनिसोलोन. कोणाला चारताय रे हे?"

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. खाज थांबवते, सूज उतरवते, लंगडणे कमी करते, भूक वाढवते, तहान त्याहून वाढवते. लसिकाग्रंथींच्या कर्करोगात तर गाठी चार दिवसांत विरघळवते. रोग मात्र आतच राहतो. गाठी परत येतात, आणि उरलेल्या पेशी पुढच्या औषधांना पूर्वीसारखी दाद देत नाहीत. एकाच गोळीत इतके चमत्कार तयार असताना बिचाऱ्या दत्तगुरूंना तसदी कशाला? महाराज पूर्वाश्रमी औषधांच्या दुकानात नऊ वर्षे काउंटरवर होते, ही माहिती नंदकिशोर यांनीच मला मोठ्या अभिमानाने दिली होती.

अहवाल घेऊन आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. जान्हवी हळूच म्हणाली, "मॅडम, हे आपल्यातच राहील ना. घ्या त्याला. एकच तर जागा आहे."

"घेते," डॉक्टर म्हणाल्या. "गाठी आधीच गेल्यात. मी शून्य मोजीन आणि तो नव्या औषधाच्या गटात असला, तर श्रेय त्या औषधाला जाईल. मग त्या आकड्यावर विसंबून मी उद्या दुसऱ्या कोणाच्या कुत्र्याला ते औषध देईन. जान्हवी, तुमच्या महाराजांत आणि माझ्यात फरक काय राहिला मग?"

लाडूची जागा गेली. नेहमीचे उपचार त्याच दिवशी सुरू झाले. परतताना मालनताई लाडूचे डोके मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

गुरुवारी त्या दरबारात उभ्या राहिल्या. अहवाल वाचायला मी तयार होतो, पण त्यांनी मला हाताने थांबवले.

"कोणाचो कुत्रो पाणी जास्त पिता? हात वर करा."

आधी एक हात वर झाला. मग तीन. मग मोजणे सोडले. शेवटचा हात नंदकिशोर यांचा होता. त्यांची मांजर बिजली दोन आठवडे न्हाणीघरातल्या नळाखालून हलत नव्हती.

"विष बाहेर पडतंय, माउली," महाराज म्हणाले.

"सगळ्यांच्या अंगात एकच विष? खरजेवाल्याच्या, लंगड्याच्या, माझ्या लाडूच्या?" मालनताईंनी पुडी उघडून पुढे धरली. "घेवा. तुमीच खावा. रोज एक, महिनोभर."

महाराजांचा त्या दिवशी उपवास होता.

मग मी अहवाल वाचला. पुढे जे सांगावे लागले, ते माझ्या आयुष्यातले सर्वांत विनोदी वाक्य असेल: "कृपा करून अंगारा एकदम बंद करू नका." स्टेरॉइड अचानक तोडणे धोक्याचे असते, ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावे लागते. माझ्यासारख्या नास्तिकाने भरल्या दरबारात अंगारा चालू ठेवण्याची विनंती केली, ती अशी.

पोलिसांत तक्रार झाली. त्याआधीच महाराज अंतर्धान पावले होते. हल्ली ते दहिसरला असल्याचे कानावर येते. गुडघेदुखीवर अंगारा देतात म्हणे. माणसांच्या.

लाडू सात महिने जगला. अंगारा मिळाला नसता, चाचणीत जागा मिळाली असती, तर तो किती जगला असता, हे मला माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही, आणि तसे त्या स्पष्ट सांगतात. ज्याला सर्व काही माहीत असते त्याच्यापासून दूर राहा. जनावराला बोलता येत नाही. त्याच्या तोंडात काय जाते हे विचारणे एवढेच आपल्या हातात असते. देवावर श्रद्धा ठेवायची तर ठेवा, पण पुडी कोणीही दिली तरी तिच्यात काय आहे ते विचारा. तेवढ्याने देव रागावत नाही. रागावतो तो पुडी बांधणारा.

त्या चाचणीच्या फॉर्ममध्ये आता एक नवी ओळ आहे: 'अंगारा, तीर्थ, भस्म, उदी, मंतरलेले पाणी: होय / नाही.' ती मालनताईंनी सुचवली. शनिवारी त्या रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या असतात, लाडूचा रिकामा पट्टा पिशवीत घेऊन. नवा पालक फॉर्म भरू लागला, की त्या जवळ सरकतात.

"औषध नको सांगू, बाबा," त्या म्हणतात. "खंयचो अंगारो दितास, तां आधी सांग."