वाळत घातलेल्या काचा

रशियाचा माणूस आभाळात जाऊन आला, त्याच उन्हाळ्यात उरणच्या मिठागरात एका मोठ्या फुग्याला बांधलेली पेटी पडली. मनुबाईनं भिजलेला काळा कागद सोलला आणि आतल्या काचा बांधावर वाळत घातल्या. ओलं झालं की उन्हात घालायचं, एवढंच तिला ठाऊक.  वाळल्या का ते सारखी बांधावर जाऊन बघून येत होती.

दुपारी तो फुगा सोडणारे साहेब मुंबईहून आले, ते कपाळाला हात लावूनच बसले. "आभाळातले किरण टिपायला फोटोच्या काचा पाठवल्या होत्या गं या! उन्हानं सगळं गेलं."

"कशाला टिपायचं त्यांना?"

"उद्या माणसं महिनोन्‌महिने वर राहतील. हे किरण अंगातून आरपार जातात. दुखत नाही, दिसत नाही. रोग कित्येक वर्षांनी बाहेर पडतो."

मनुबाईची नजर झोपडीकडे गेली. दारात तिचा नवरा हिरामण बसला होता. पांढऱ्या मिठावरचं ऊन त्यानं जन्मभर डोळ्यांत घेतलं, तेव्हा काही दुखलं नव्हतं. आता त्याला तिची सावलीही दिसत नव्हती.

"काचा नासल्या, त्याचा बोल मला लावा, साहेब," ती तडकली. "पन त्या वर जानाऱ्या मानसाला आधी सांगाल ना? आमाला कुनी सांगितलं न्हाय."