नारूची बारव

दुधनीपासून दोन कोसांवरच्या त्या गावात उन्हाळा लागला की घरटी एकाच्या तरी पायातून नारू निघायचा. कर्ती माणसं कामाला मुकायची आणि बाहेर आलेला दोऱ्यासारखा जंत काडीला गुंडाळत उंबऱ्यावर बसायची. गावाला पाणी एकच, पायऱ्यांच्या बारवेतलं. बौद्धवस्तीला मात्र तिची पहिली पायरीही बंद होती.

१९७७च्या मे महिन्यात सोलापूरहून डॉ. जालिंदर शिरसट तिथं आला. डॉक्टरेटनंतर चार वर्षं तो पुण्यात आपल्या मार्गदर्शक सरांच्या हाताखाली राबला होता. काम त्याचं असे, शोधनिबंधावर पहिलं नाव सरांचं. नारूवरचं हे संशोधन मात्र त्याचं स्वतःचं होतं. सोलापूरच्या संस्थेनं त्याला एक खोली, एक सूक्ष्मदर्शक आणि नागप्पा नावाचा मदतनीस दिला होता. खोलीच्या दारावर नाव लागलं त्या दिवशी तो दोनदा बाहेर येऊन वाचून गेला होता.

सकाळचे नऊ वाजले असतील. गुडघाभर पाण्यात उभा राहून नारू पसरवणारे बारीक पाणकिडे शोधायला जालिंदर जाळीनं पाणी गाळत होता. वरून चनमल्लप्पा पाटलानं विचारलं,

"डाक्टर, तुमी कोणच्यातलं म्हणायचं?"

"मी बौद्ध आहे."

पहिला दगड खांद्यावर बसला, दुसरा उजव्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. चौघांनी त्याला फरफटत वर आणलं, वहाणांनी तोंड फोडलं, सूक्ष्मदर्शक कठड्यावर आपटून फोडला. वर बाटल्या घेऊन उभा असलेला नागप्पा पाटलाच्याच जातीचा. त्याला कुणी बोट लावलं नाही आणि त्यानंही तोंड उघडलं नाही.

सर पुण्याहून इस्पितळात भेटायला आले. त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं.

"मार्ग आहे, जालिंदर. प्रकल्प माझ्या नावावर घेतो. पाणी नागप्पा आणील, तू खोलीत बसून तपास. पोलिसांत दिलीस ती फिर्याद मागे घे."

"आणि पुढच्या गावात?"

"तिथंही तसंच. काम झाल्याशी मतलब."

जालिंदरच्या ओठांना टाके होते. शब्द सावकाश आले. "सर, चार वर्षं मी आत बसलो, ते शिकायला. आता बसलो तर त्या पायरीला मीच कुलूप घातलं असं होईल."

"अरे, जीव जाईल हट्टापायी."

"जाईलही," तो म्हणाला आणि भीती सरांना दिसू नये म्हणून भिंतीकडे वळला.

तिसऱ्या आठवड्यात प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून, एक पोलीस शिपाई सोबत घेऊन तो पुन्हा बारवेत उतरला. नागप्पा वरच थांबला. डाव्या हातानं बाटली भरते न भरते तोच चनमल्लप्पाची काठी पाठीत बसली. शिपाई दुसरीकडे बघत राहिला.

"मामंजी, बास की."

चनमल्लप्पाची सून निंगव्वा घागर ठेवून लंगडत खाली आली. तिच्या घोट्याला चिंधी होती आणि चिंधीतून पू झिरपत होता. "ह्यो सडका पाय मी रोज ह्याच पान्यात घालतीया. त्यानं पानी बाटलं न्हाय, आन ह्या मानसाच्या हातानं बाटलं व्हय?"

सासऱ्यानं तिचे केस मुठीत धरले आणि तिला वर ओढलं. पायरीच्या कडेवर तिचं कपाळ आपटलं, रक्ताची धार लागली. जालिंदरनं बाटली तिथंच सोडली आणि तिच्या आडवा उभा राहिला. एका घावानं प्लास्टर तडकलं. दुसरा कानावर बसला. तिसरा बसलाच नाही. धावत उतरलेल्या नागप्पानं काठी धरली होती.

"लिवून घ्या, शिपाईदादा," तो धापा टाकत म्हणाला. "ह्ये आन मागल्या येळंचंबी. समदं मी बघितलंय."

निंगव्वाला सासरचं दार बंद झालं. ती मैंदर्गीला माहेरी गेली आणि तिथून येऊन कोर्टात सासऱ्यासमोर साक्ष देऊन गेली. नागप्पाच्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं. जालिंदरला उजव्या कानानं पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

पण संशोधन त्याच्याच नावावर राहिलं. पुढं तालुक्यातल्या ज्या ज्या बारवेवर तो गेला, तिथं कुणी विचारायच्या आधीच आपण कोण ते मोठ्यानं सांगायचा आणि मगच पहिली पायरी उतरायचा.