दारातली ज्वारी

मित्रांनो, डूख धरावा तो सापाने, असे तुम्ही म्हणता. मी मुखेडजवळच्या एका शेडमधली म्हातारी कोंबडी आहे, आणि मीही डूख धरला होता. नागाबाईंवर.

मी तरुण होते तेव्हा, आमच्या अंड्यांतून पुढची पिल्ले निघावीत म्हणून आम्हाला वाढवत होते. तलंग, म्हणजे वयात येणारी कोंबडी, लठ्ठ झाली की पुढे अंडी नीट देत नाही. म्हणून मालक देविदास एक दिवस खाद्य देत आणि एक दिवस नुसते पाणी. भूक लागे, पण सगळ्यांना सारखीच. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती.

मालकांच्या बायकोला, नागाबाईंना मात्र ते बघवेना. उपासाच्या दिवशी मालक शेतात गेले की त्या पदरात ज्वारी आणत आणि दारातूनच भिरकावत. दारातल्या जाड्या ती मटकावत. मागच्या भिंतीकडच्या आम्ही किडकिडीत. आम्ही पोहोचेपर्यंत दाणा उरत नसे, वर टोचा मिळत.

वजन करतानाही मालक दारातल्याच चार पकडून काट्याला टांगत.

"लई जड भरून राहिल्यात. खाद्य कमी करावं लागतंय," ते म्हणत.

नागाबाई शेजारी उभ्या असत, पण ज्वारीची गोष्ट लपवत. खाद्य घटे ते आमचे. माझ्या बहिणी उठेनाशा झाल्या. शेवटी मालकांनी ठरवले, मागच्या हलक्या कोंबड्या बाजारात काढायच्या. पुण्य नागाबाईंचे आणि मरण आमचे! माझ्या अंगाची आग झाली.

बाजाराच्या आदल्या दिवशी मालक मागच्या भिंतीशी वाकून आम्हाला पकडत होते. ते शेतात गेले असे समजून नागाबाई पदर भरून दारात आल्या. मी मालकांच्या हातातून निसटले, जाड्यांच्या पाठींवरून धावले आणि नागाबाईंच्या मुठीला कडकडून टोचले. पदर सुटला. सांडलेल्या ज्वारीवर दारातल्या जाड्या सवयीने तुटून पडल्या.

"हे काय करून राहिलीस?" मालक बायकोवर ओरडले.

"उपाशी जिवाचा तळतळाट लागतो, म्हणून..."

"अन् ह्या मागच्यांचा लागत न्हाई?"

मालकांनी मग आम्हालाही काट्याला लावले आणि दारातल्यांच्या वजनावरून सगळ्यांचे खाद्य तोडल्याचे कळून कपाळावर हात मारला. आम्हाला जाळीपलीकडे वेगळे खाद्य सुरू झाले. बाजाराला गेल्या त्या दारातल्या जाड्या. मला जरासुद्धा वाईट वाटले नाही.

मित्रांनो, दया करायची असेल तर मागच्या भिंतीपर्यंत चालत या. दारातूनच परत जाणार असाल, तर हात सांभाळा.