डाव्या बाजूची मॅट

व्यंकोजींच्या मते गाडी बनवायची अक्कल माणसाच्या डोक्यातून साधारण दोन हजार साली निघून गेली. त्यानंतर रस्त्यावर जे काही आलं त्याला ते चाकं लावलेला मोबाइल म्हणत. एसी लावायचा तर पडद्यावर बोट, गाणं बदलायचं तर पडद्यावर बोट, मग समोरची बस काय पायाने बघायची? कानडी मुलखात, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लेथ मशीनशी छत्तीस वर्षं संसार केलेला माणूस. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून तो त्याची तब्येत सांगायचा. शिवाजीनगरच्या घरापुढची अठ्ठ्याण्णव सालची एस्टीम त्यांनी रोख पैसे मोजून घेतली होती, आणि ही हकीकत गल्लीत प्रत्येकाने निदान दोनदा ऐकलेली होती.

त्यामुळे लेकीने, रक्षिताने, जुनी एस्टीम बदल्यात देऊन सात वर्षांच्या कर्जावर विजेवरची गाडी घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी मनसोक्त तोंडसुख घेतलं. बॅटरी मरेल आणि हप्ता तेवढा जिवंत राहील, म्हणाले. क्लच नाही, गिअर नाही, ती गाडी कसली, पाळणा आहे. रक्षिताने सगळं ऐकून घेतलं. हेब्बाळच्या ऑफिसात तिला मीटिंगमधून याहून लांब भाषणं ऐकायची सवय होती.

खरं दुखणं वेगळंच होतं. सहा महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. बाजूचं दिसणं गेलंय ते परत येणार नाही, गाडी चालवणं आता थांबवा, असं स्पष्ट बजावलं होतं. व्यंकोजींनी घरी सांगितलं की चष्म्याचा नंबर वाढलाय. थेंबांची बाटली त्यांनी टूलबॉक्समध्ये, पान्यांच्या खाली दडवली आणि गाडी पुसायच्या निमित्ताने ते रोज डोळ्यांत थेंब घालत. एस्टीम गेली की स्टिअरिंगही हातातून गेलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नव्या गाड्यांना शिव्या घालणं त्यामानाने सोपं होतं.

बायको, पद्मावती, या वादात पडली नाही. गेले तीन महिने ती सकाळी भजनाला जायची. परत आल्यावर तिला घाम कसा येतो, हे विचारायचं व्यंकोजींना कधी सुचलं नाही.

एका रविवारी तिघं शोरूमला गेली. व्यंकोजींनी खिशातून लांब स्क्रूड्रायव्हर काढला, त्याचं टोक बॉनेटला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आयुष्यभर त्यांनी इंजिनाचं पोट असंच तपासलं होतं. मग त्यांनी विक्रेत्याला गाडी सुरू करायला सांगितलं. विक्रेता अदबीने म्हणाला, सर, सुरूच आहे. रक्षिताने ओठ दाबून हसू आवरलं. व्यंकोजी मात्र घाबरले. या गाडीत आपल्याला ऐकण्यासारखं काहीच नाही, असं त्यांना वाटलं.

विक्रेत्याने चालवून बघा म्हणून उजवं दार उघडून धरलं. गुडघा दुखतोय, असं व्यंकोजी पुटपुटले. तेव्हा पद्मावतीने पदर खोचला आणि ती सरळ स्टिअरिंगमागे जाऊन बसली.

"तुम्ही इकडे बसा, डावीकडे," ती म्हणाली.

रक्षिता आणि विक्रेता मागे बसले. गाडी निघाली. पद्मावतीने आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि वळण घेतलं. व्यंकोजी तिच्या हातांकडे बघत राहिले. कोपऱ्यावर डावीकडून एक रिक्षा घुसली. त्यांना ती दिसलीच नाही. पद्मावतीने अलगद ब्रेक लावला, रिक्षा पुढून निघून गेली, तेव्हा कुठे त्यांना कळलं.

"वर्षभर तुमच्या डाव्या बाजूला मी बघतेय," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "रिक्षा आली सांगितलं की तुम्ही चिडायचा. थेंबांची बाटली पान्यांखाली आहे, तेही माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. तोवर शिकून घेतलं. भजन कसलं, ड्रायव्हिंग स्कूलला जात होते. आता स्वल्प गप्प बसा, सिग्नल आलाय."

मागे रक्षिता खिडकीबाहेर बघत होती. तिला सगळं आधीपासून ठाऊक होतं आणि क्लच नसलेली गाडी तिने आईसाठीच शोधली होती. दोघींनी मिळून आपल्याला फसवलं याचा व्यंकोजींना राग यायला हवा होता. पण त्यांना फक्त हलकं वाटलं.

एस्टीम द्यायच्या आदल्या दिवशी ते ती रिकामी करायला बसले. स्वतःच्या पायाखालची मॅट त्यांनी तीनदा बदलली होती. डावीकडची मूळचीच होती, तिकडे कशाला काय होतंय म्हणून ठेवलेली. ती उचलली तर उजवा पाय ठेवायच्या जागी रबर झिजून आरपार भोक पडलेलं. डाव्या पायाकडचं रबर मात्र नव्यासारखं होतं.

त्यांनी ती मॅट मांडीवर घेतली. आपण चालवतो तेव्हा पद्मावती निवांत असते, असं ते सगळ्यांना अभिमानाने सांगत आले होते. आणि इतकी वर्षं, प्रत्येक बस, प्रत्येक लॉरी समोर आली की ही बाई मुकाट्याने तिथे नसलेला ब्रेक दाबत होती. त्यांचे डोळे भरून आले, आणि यावेळी ते थेंब औषधाचे नव्हते.

नवी गाडी आली. पूजा झाली, चारही चाकांखाली लिंबं ठेवली, पद्मावतीने ती आवाज न करता चिरडली. मग व्यंकोजींनी पिशवीतून जुनी मॅट काढली आणि डाव्या सीटपुढे अंथरली.

"नव्या गाडीत हे फाटकं कशाला?" तिने विचारलं.

"असू दे. तिचा ब्रेक चांगला मुरलेला आहे."

पद्मावतीने मॅटकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "सरी," म्हणजे बरं, एवढंच कानडीत म्हणाली आणि गाडी रस्त्यावर घेतली. शिवाजीनगरच्या बसस्टँडपाशी समोर बस आली तसा व्यंकोजींचा उजवा पाय आपोआप त्या भोकावर दाबला गेला. गाडी बरोबर थांबली. सात वर्षांचे हप्ते त्यांना पहिल्यांदाच फार थोडे वाटले.