माहेरचा माणूस

शिवजयंतीच्या सकाळी गुरुदत्तच्या पायाला भिंगरी लागली होती. स्वयंपाकघरातून बाल्कनीत, बाल्कनीतून जिन्यात. शेवटी चारुलता वैतागली. "अहो, बसा की जरा. पाहुणे खालच्याच मजल्यावर राहतात. पळून जाणारेत का?"

पण याला चैन पडेल तर ना. जर्मनीत झिंडेलफिंगेनच्या मोटारगाड्यांच्या कारखान्यात वीस वर्षं झिजलेला हा माणूस महाराष्ट्र मंडळाचा सेक्रेटरी. २००६च्या जयंतीला खराखुरा सेनापती प्रमुख पाहुणा म्हणून आणतो, असं मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगून बसला होता. सेनापती म्हणजे खालच्या मजल्यावरचे जनरलसाहेब. बाल्कनमधल्या एका छोट्या देशात यादवी पेटली तेव्हा ते लढले, आणि इथे येऊन राहिले.

दर रविवारी कॉफी पिता पिता गुरुदत्तनं त्यांची सगळी कारकीर्द ऐकली होती. शेतकऱ्याचा मुलगा, मिसरूड फुटायच्या आत सैनिकी शाळेत. मग तोफखाना. फौज दुभंगली तेव्हा ते कर्नल होते. ज्यांच्याबरोबर एका ताटात जेवले, त्यांच्यावरच तोफा रोखायची वेळ आली. एक पूल हट्टानं राखला आणि जनरल झाले. मग व्रेलिना नावाच्या गावाला हिवाळाभर वेढा घातला आणि डोंगरातला झरा अडवून ते शरण आणलं. शेवटी त्यांचीच बाजू हरली, आणि जनरलसाहेबांना सरहद्द ओलांडावी लागली. ज्याचं बालपण गडकिल्ल्यांच्या गोष्टींवर पोसलेलं, तो यावर हुरळणारच. गुरुदत्त तर कॉफी गार होईपर्यंत ऐकत बसायचा.

आणखी एक कारण होतं, ते त्यानं मंडळात सांगितलं नव्हतं. त्याची सून लेया त्याच देशाची. वेदांगनं लग्न ठरवलं तेव्हा यानं डोक्यात राख घालून घेतली होती आणि कित्येक महिने पोराशी अबोला धरला होता. आता लेयाला सातवा महिना लागला होता. तिचं मागे कुणी उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण इथेच करायचं, आम्हीच तिचं माहेर, असं चारुलतानं जाहीर करून टाकलं होतं. खोली रंगवून तयार होती. गुरुदत्तला ती पोर या घरात रुळायला हवी होती, अगदी मनापासून हवी होती. आणि तिच्या मुलखातला माणूस आपल्याच जिन्यात! न्युरेम्बर्गला कुणी साताऱ्याचा भेटला तरी आपण त्याला घरी जेवायला ओढून आणतो. तिला तर हा माहेरचा माणूसच वाटेल. म्हणून जनरलना औक्षण सुनेनंच करायचं, असं त्यानं परस्पर ठरवलं. भाऊबंदांच्या लढाईत शत्रू आपल्याच मुलखातला असतो, हे याच्या डोक्यातच आलं नाही.

वेदांग आणि लेया आले. लेयानं हौसेनं साडी नेसली होती. गुरुदत्तनं निरांजनाचं तबक तिच्या हातात दिलं आणि उत्साहानं जनरलची कहाणी सुरू केली. व्रेलिनाचं नाव आलं तशी तिनं तबक टेबलावर ठेवलं.

"तो झरा आमच्या शाळेमागून यायचा," ती जर्मनमध्ये म्हणाली. "तो बंद झाल्यावर नदीवर जावं लागायचं. नदी त्यांच्या तोफांसमोर होती. आई गेली. मग आईला आणायला भाऊ गेला."

वेदांगसुद्धा हे पहिल्यांदाच ऐकत होता.

"बाबा, तो याच जिन्यात राहतो?" लेयानं विचारलं.

"हो," गुरुदत्त म्हणाला.

"मग बाळाला घेऊन मी या जिन्यात येणार नाही." ती रागावली नाही, रडली नाही. कोट घालून दोघं निघून गेले. चारुलता दारात उभी राहून नवऱ्याकडे बघत राहिली.

गुरुदत्त खाली गेला. जनरल पदकं लावून, दाढी करून तयार होते.

"तुम्हाला नेता येणार नाही," तो म्हणाला. "माझी सून व्रेलिनाची आहे."

जनरलनी वर जिन्याकडे बघितलं. "युद्ध होतं ते. त्यांनीही आमची गावं जाळली."

"जाळली असतील. पण गावात आत कोण होतं, हे मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही. लाज वाटते मला."

मंडळात त्या दिवशी सगळ्यांनी त्याची यथेच्छ खेचली. सेनापती कुठे पसार झाले म्हणून. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. घरी येऊन पुन्हा येरझाऱ्या. चहा नको, जेवण नको. साधा पडदा बदलायचा म्हटलं तरी हुज्जत घालणारा हा माणूस आठवड्याभरात चारुलताला म्हणाला, "हे घर सोडू या." तिनं मुकाट्यानं भांडी बांधायला काढली. त्सुफेनहाउझेनला एक जागा मिळाली. लेया येऊन बघून गेली आणि इथे येईन म्हणाली.

सामान हलवायच्या दिवशी जनरल जिन्यातच भेटले. वेदांग आणि गुरुदत्त पाळणा उतरवत होते.

"माझ्यामुळे चाललात?"

"हो."

"या वयात माणसाला घरातून उठावं लागणं वाईट," जनरल म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

"मी नोटीस देऊन, सामान बांधून चाललोय," गुरुदत्त म्हणाला. "तिला कुणी नोटीस दिली होती?"

जनरल भिंतीला पाठ लावून उभे राहिले, आणि बापलेक पाळणा घेऊन त्यांच्यासमोरून खाली उतरले.