आमरीनचा जुना प्रोग्राम

मला राग लवकर येतो, हे अख्ख्या औरंगपुऱ्याला ठाऊक आहे. तरी अझहर सकाळीच नवाकोरा मॅक घेऊन माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात आला. त्याचे अब्बा, हैदरचाचा, शहागंजमागं हिमरूचं नक्षीदार कापड विणतात. कोणत्या ओळीला कोणते धागे उचलायचे ते दाखवणारा प्रोग्राम त्याच्या बहिणीनं, आमरीननं, कॉलेजात असताना लिहून दिलेला. जुना लॅपटॉप चहा सांडून गेला, प्रोग्राम तेवढा पेनड्राइव्हवर उरला, अन् मागावरचा शेला अर्धाच राहिला. शेला आमरीनसाठीच. परवा तिचा निकाह, अन् तिला याचा पत्ता नाही.

“तिलाच विचार की.”

“हळद लागलीय तिला, निशाताई. अन् विचारलं की कळलंच.”

“मग मी नवा लिहून देते.”

“नको. अब्बा म्हणतात, तोच पायजे.”

लई हट्टी माणूस! प्रोग्राम रूबी नावाच्या कॉम्प्युटर-भाषेच्या फार जुन्या आवृत्तीतला, अन् या मॅकचा प्रोसेसरच वेगळ्या जातीचा. म्हणजे आधी मशीनला जुन्या प्रोसेसरचं सोंग घ्यायला लावायचं, त्या सोंगातलं टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची काळी खिडकी, उघडायचं, अन् त्यातच व्हर्जन मॅनेजर बसवायचा. हा गडी जुन्या-नव्या आवृत्त्या एका घरात भांडणाशिवाय नांदवतो. बसवला. जुनी रूबी मागितली. एरर. पुन्हा मागितली, पुन्हा एरर. बघते तर अर्ध्या फायली नव्या प्रोसेसरच्या!

“कोऱ्या मशीनमध्ये हे कुठून आलं रे?”

अझहर चपलांकडं बघायला लागला. “रात्री व्हिडिओ बघून थोडं मीच टाकलं. म्हटलं, तुमाला तकलीफ नको.”

“अन् सांगितलं का नाय?”

“तुम्ही चिडाल म्हणून.”

“अरे बाबा, डॉक्टरकडं यायचं ते घरचा काढा पिऊन, अन् वर लपवायचं? धन्य आहेस!”

त्यानं टाकलेलं सगळं उपटून काढलं. सोंगातलं टर्मिनल नव्यानं उघडलं, व्हर्जन मॅनेजर पहिल्यापासून बसवला अन् जुनी रूबी तिच्या मूळ कोडपासून बांधायला लावली. सोंग घेतलेलं मशीन बैलगाडीच्या चालीनं चालतं. आम्ही चहा घेतला, परत घेतला. अझहर अधूनमधून “झालं का ताई?” म्हणायचा अन् मी डोळे वटारायचे. दुपारी एकदाची बांधून झाली. मी प्रोग्राम सुरू केला.

नक्षी लगेच आली नाही. काळ्या स्क्रीनवर आधी एक ओळ आली: ‘अब्बा, चष्मा लगाओ. मैं यहींच हूं.’

“ही रोज पहिली येते, ताई. अब्बा मोठ्यानं ‘हां बेटा’ म्हणतात, चष्मा लावतात, मग मागावर बसतात.”

परवानंतर आमरीन हैदराबादला, सासरी. माझे डोळे भरून आले, अन् राग तर आलाच.

“हे सकाळीच सांगायचं ना रे, गाढवा!” मी मशीन त्याच्या हातात दिलं. “पळ. चाचा खोळंबले असतील.”