रविवारची तुरपाई

रिकाम्या खोलीच्या मधोमध उभं राहून टाळीमास्तरांनी एक खणखणीत टाळी वाजवली. टाळी एकच, पण भिंतींनी तिचा पिच्छा सोडला नाही. या भिंतीवरून त्या भिंतीवर ती तुरुतुरु पळत राहिली आणि छताच्या कोपऱ्यात कुठेतरी विरली. मास्तरांनी मान हलवली आणि स्क्रूड्रायव्हर न वापरताच पिशवीत टाकला.

"साहेब, तुमच्या यंत्राला काही झालेलं नाही. झालंय ते खोलीला."

कोटवाल्या बाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. हे मास्तर रेकॉर्ड प्लेअर आणि स्पीकर दुरुस्त करायचे, आणि कुणाच्याही घरात शिरले की आधी टाळी वाजवायचे, म्हणून त्यांना हे नाव पडलेलं. बाईंना वाटलं होतं, लोक चेष्टा करत असतील. पण माणूस खरोखरच टाळी वाजवून खोलीची नाडी बघत होता.

साहेबांना, म्हणजे बाईंच्या नवऱ्याला, मास्तरांचं म्हणणं मुळीच पटलं नाही. दुकानांचे तराजू आणि मापं तपासण्यात त्यांची सारी नोकरी गेलेली. दोष असलाच तर तो यंत्रात असतो, यावर त्यांची श्रद्धा. "खोली साडेबारा बाय दहा आहे. मी स्वतः मोजलीय," ते म्हणाले, जणू एवढ्यावर खोलीची निर्दोष सुटका झाली.

या खोलीची वाट त्यांनी एकतीस वर्षं पाहिली होती. जुन्या घरात एकच मोठी खोली होती आणि ती बाईंच्या शिवणकामानं गिळली होती. बाई लोकरी कोट शिवायच्या. खिडकीशी मशीन, भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलेल्या दोरीवर अर्धे शिवलेले कोट, चारही कोपऱ्यांत उभे केलेले जाड कापडाचे तागे आणि जमिनीवर चिंध्यांचा ढीग. त्यातच एका फळीवर साहेबांचा रेकॉर्ड प्लेअर आणि दोन स्पीकर कसेबसे अंग चोरून बसलेले.

रविवारी दुपारी साहेब रेकॉर्ड लावायचे. तेव्हा मशीन बंद ठेवायचं, एक बाजू संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा घरचा कायदा. बाई मग हातशिलाईचं काम घेऊन बसत. कोटाच्या तळाची तुरपाई त्या आठवडाभर साठवून ठेवायच्या आणि रविवारी गाणं ऐकत उरकायच्या. गिऱ्हाइकांनाही ते ठाऊक होतं. कोट सोमवारी मिळेल असं सांगितलं की कुणी का म्हणून विचारत नसे.

आणि दर रविवारी, अगदी न चुकता, साहेब एकदा तरी म्हणायचे, "या पसाऱ्यातून मला एकदा मोकळी खोली मिळू दे, मग आवाज काय असतो ते दाखवतो तुला."

निवृत्तीनंतर नवं घर घेतलं तेव्हा बाईंनीच ती खोली त्यांना देऊन टाकली. एवढी वर्षं माणसानं एकच गोष्ट मागितली, ती द्यावी, असं त्यांना मनापासून वाटलं. तागे वाटून टाकले, मशीन गॅलरीत नेऊन त्यावर प्लॅस्टिक घातलं, गिऱ्हाइकांना सांगितलं की आता डोळे साथ देत नाहीत. डोळे ठणठणीत होते. पण तसं काहीतरी सांगावं लागतं. पहिल्या महिन्यात त्यांना बरं वाटलं. दुसऱ्या महिन्यात सकाळी दहा वाजता हातात काही नसलं की त्यांना आपण घरात पाहुण्या म्हणून आलोय असं वाटू लागलं. हे त्या कुणाला बोलल्या नाहीत.

इकडे साहेबांचं स्वप्न पहिल्याच रविवारी तोंडावर आपटलं. फरशी चकचकीत, भिंती कोऱ्या, मधोमध एक खुर्ची. इंचाइंचानं मोजून, बाईंच्याच शिंप्याच्या खडूनं जमिनीवर खुणा करून त्यांनी स्पीकर मांडले. रेकॉर्ड लागली, आणि जी गाणारी बाई एकतीस वर्षं हाताच्या अंतरावर बसून गायची, ती न्हाणीघरातून गाऊ लागली. शब्द एकमेकांच्या अंगावर पडत होते आणि कोपऱ्यात ढोल घुमत होता. साहेबांनी वायरी बदलल्या, सुई बदलली, स्पीकर बोटभर पुढे-मागे सरकवले. शेवटी त्यांनी ऐकणंच सोडलं. गेल्या दोन रविवारी ते दुपारी गॅलरीची जाळी पुसत बसले होते. म्हणून मास्तरांना बाईंनीच बोलावलं होतं.

"जुन्या घरात आवाज बरा होता म्हणता. तिथे खोलीत काय होतं?" मास्तरांनी चहाचा घोट घेत विचारलं.

"काही नाही हो. हिचा पसारा."

"कसला पसारा?"

साहेबांनी हात झटकला. उत्तर बाईंनीच दिलं. कोपऱ्यात तागे, दोरीला कोट, खाली चिंध्या, कापायच्या टेबलावर जाड कांबळं. त्या जसजशा सांगत गेल्या, तसतसे मास्तर हसू लागले. त्यांनी कप खाली ठेवला आणि डोळे पुसले.

"बाई, आवाज मऊ करायला लोक माझ्याकडून भिंतींना गाद्या ठोकून घेतात. कोपऱ्यात घुमू नये म्हणून जाड लोड उभे करवतात. तुम्ही ते सगळं केलेलंच होतं." मग साहेबांकडे वळून ते म्हणाले, "एकतीस वर्षं तुम्ही ऐकत होतात तो यांचा पसारा, साहेब. स्पीकर नुसते जोडीला होते."

साहेब खुर्चीत बसून राहिले. बाईंना फार हसू येत होतं, पण त्यांनी ते चहाच्या ट्रेमागे लपवलं. लोकरीच्या ताग्यांना कान असतात हे त्यांना तरी कुठे माहीत होतं. मास्तर म्हणाले, आता ते तागे असते तर बरं झालं असतं.

"अकरा आहेत," बाई हळूच म्हणाल्या.

"कुठे?" साहेबांनी विचारलं.

"पलंगाखाली."

"ते तर पाहुण्यांचं अंथरूण ना?"

"तुम्हाला तसं सांगितलं होतं."

सगळेच द्यायला हात धजावला नव्हता, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. तागे आले आणि कोपऱ्यांत उभे राहिले. बाईंच्या कपाटातले तीन अपुरे कोटही आले. ते भिंतीवर नेमके कुठे टांगायचे यासाठी मास्तरांनी मोठा आरसा मागितला. गिऱ्हाइकांना कोट घालून दाखवायचा बाईंचा उभा आरसा अडगळीत होताच. मास्तर तो भिंतीला लावून हळूहळू सरकवू लागले. खुर्चीत बसलेल्या साहेबांना आरशात स्पीकर दिसला की तिथेच थांबायचं, कारण आवाज तिथेच आपटून परत येतो. तिथे काहीतरी जाड हवं.

"दिसला?"

"नाही. अजून पुढे."

"आता?"

बाईंनी मान वर केली. आरशात त्यांना साहेबांचा चेहरा दिसत होता आणि ते स्पीकरकडे बघत नव्हते. ते बाईंकडेच बघत होते. बाईंच्या लक्षात आलं, हातातल्या अपुऱ्या कोटाच्या काठावरून आपला अंगठा नकळत फिरतोय, जिथे तुरपाई व्हायची राहिली होती तिथे.

"तुझे डोळे खरंच अधू झालेत?" साहेबांनी आरशातूनच विचारलं.

"नाही."

"मग मशीन गॅलरीत कशाला ठेवलंयस?"

"तुम्हाला मोकळी खोली हवी होती."

टाळीमास्तर आरसा धरून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. अशा वेळी कुठे बघावं हे त्यांच्या धंद्यातही शिकवत नाहीत. साहेब उठले. बराच वेळ चपलेच्या टोकानं ते जमिनीवरच्या खडूच्या खुणा पुसत राहिले, मग म्हणाले, "खिडकीची काच उघडी पडलीय, आवाज तिथेही आपटतो. तिथे मशीन बसतं. मी मोजून सांगतो."

"मोजू नका," बाई म्हणाल्या. "मला माहीत आहे कुठे बसतं ते."

पुढच्या महिन्याभरात बाईंनी जुन्या गिऱ्हाइकांना कळवलं की डोळे सुधारले. दोरी ताणली गेली, कोट लटकले, चिंध्या जमल्या. साहेबांची खुर्ची दारापर्यंत हटली आणि गाणारी बाई न्हाणीघरातून परत येऊन मुकाट्यानं आपल्या जागी बसली. रविवारी बाई तुरपाई घेऊन बसल्या. इतका आनंद त्यांना साखरपुड्यालाही झाला नव्हता, असं फोनवर आपल्या लेकीला सांगताना त्या मोठ्यानं हसल्या.

त्या रविवारी रेकॉर्डची बाजू संपली. साहेब उठले, त्यांनी रेकॉर्ड उलटवली, सुईची दांडी उचलली आणि खिडकीकडे पाहिलं. बाईंची तुरपाई अजून हातभर बाकी होती. साहेब दांडी तशीच अधांतरी धरून, बाईंनी दोऱ्याला शेवटची गाठ मारेपर्यंत उभे राहिले.